सांधेबदल!

'वीकेण्डला काय करतोस?' या प्रश्नाचं उत्तर मी हल्ली जपून देतो. 'सांधे बदलतो' म्हटलं की ऑफिसातल्या निम्म्या लोकांना वाटतं, हा एखाद्या हाडांच्या डॉक्टरकडे पार्टटाइम जातो. उरलेले निम्मे लगेच आईच्या गुडघ्याला किती खर्च येईल ते विचारतात. मग खुलासा करावा लागतो. गुडघ्यांचे नाहीत हो, रुळांचे! गाडी स्टेशनात शिरताना खडखडखड करत एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ना, तो सांधा. आणि माझे सांधे जेमतेम वीतभर लांबीचे आहेत.

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांना वाढदिवसाला मिळालेली ती गाडी आठवते. दोन दिवस गोल गोल फिरली आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावर गेली. ती इतक्या लवकर कंटाळवाणी का होते, माहितेय? तिला सांधा नसतो. गोल रुळावर गाडीला कुठे जायचंच नसतं. एक सांधा टाका, लगेच प्रश्न उभा राहतो: सरळ की बाजूला? दुसरा टाका, की एक गाडी थांबते आणि दुसरी पुढे जाते. म्हणजे क्रॉसिंग आलं, वेळापत्रक आलं, उशीर आला आणि उशिराबद्दलची कटकटही आली. खेळण्याची रेल्वे होते ती इथे.

पुण्यात राहून हे खोटं वाटत असेल तर एकदा कर्वे रोडच्या बाजूला, जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन या. भाऊ जोशींनी आयुष्यभर जोपासलेला हा छंद 1 एप्रिल 1998 पासून सगळ्यांसाठी खुला झाला. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, सगळं छोटंसं शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. पोरं गाड्या बघतात. तुम्ही मात्र पुढच्या वेळी गाडीकडे बघू नका, तिच्या पुढच्या दोन फूट रुळाकडे बघा. कुणीतरी तिथे आधीच निर्णय घेऊन ठेवलेला असतो.

स्टेशन नसलेल्या गावाचं स्टेशन

माझी रेल्वे मात्र पुण्यात नाही, इचलकरंजीत आहे. पुण्यातल्या वन-बीएचकेमध्ये बारा फुटांचं टेबल मांडायला जागा कुठली? ती जागा गावी मिळाली, आणि कशी मिळाली तेही सांगतो. आमच्या शेडमधले दोन माग विकले. विकले म्हणजे भंगारात, वजनावर गेले. ज्यांनी इचलकरंजी पाहिलीय त्यांना यात नवल वाटणार नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, त्यावर हे अख्खं गाव उभं राहिलं. आणि आता गल्लीगल्लीत साधे माग काट्यावर चढतायत. आमच्या शेडमध्ये जमिनीवर त्या दोन मागांचे बोल्ट उरले आणि तेलाचे दोन चौकोनी डाग. बाबा तिकडे बघायचंच टाळायचे. मी ती जागा मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, ''घे. रोज झाडत जा.''

तिथे मी इचलकरंजी स्टेशन बांधतोय. हसू नका. खऱ्या इचलकरंजीत स्टेशन नाही. कोल्हापूर संस्थानाच्या काळात, 1891 साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. ती आमच्या गावाला वळसा घालून हातकणंगल्यावरून गेली. 2022 मध्ये गावाची महानगरपालिका झाली, पण गाडी पकडायची तर अजूनही हातकणंगलं नाहीतर मिरज. मग म्हटलं, सरकारला जमेल तेव्हा जमेल. आपण 1:87 मध्ये आणूया!

हा 1:87 म्हणजे एचओ स्केल, जगात सगळ्यात जास्त खेळलं जाणारं. हिशोब गमतीशीर असतो. हातकणंगलं ते इचलकरंजी आठ किलोमीटर धरलं, तरी मॉडेलमध्ये ते 92 मीटर होतं. म्हणजे रूळ शेडमधून निघून गल्ली ओलांडून चहाच्या गाड्यापर्यंत जाईल. म्हणून फक्त स्टेशन: चार लाइन, एक मालधक्का आणि सात सांधे. आणखी एक तडजोड. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, तिला 87 नं भागलं की सव्वाएकोणीस येतात. बाजारात मिळतो तो रूळ साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 च्या गेजवरून काढलेला. भारतीय डबे त्यावर उभे केले की अंमळ चोरपावली उभे राहिल्यासारखे दिसतात. चालायचंच.

दोन तारांत सगळं

आता मुद्द्याचं. सात सांधे बदलायचे कसे?

हातानं बदलता येतात. पण मग एका हातात गाडीचा कंट्रोलर आणि दुसरा हात सतत टेबलावर, असा कथकलीचा प्रकार होतो. जुना उपाय म्हणजे प्रत्येक सांध्याखाली दोन कॉइल. एक बटण दाबलं की पाती इकडे 'खट्', दुसरं दाबलं की तिकडे 'खट्'. प्रत्येक सांध्याला तीन तारा. सात सांध्यांना एकवीस. शिवाय बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं की कॉइल जळते. टेबलाखाली वाकून बघितलं की वाटतं, इथे कुणी तरी शेवया वाळत घातल्यात.

डिजिटलचा फंडा वेगळा आहे. त्याला म्हणतात डीसीसी, डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं 1990 च्या दशकात याचं स्टॅण्डर्ड ठरवलं, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात. टेबलाभोवती फक्त दोन तारा फिरवायच्या. त्याच तारांतून वीज जाते आणि त्याच विजेतून निरोपही जातो. विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते. प्रत्येक दिशेला ती 58 मायक्रोसेकंद टिकली तर तो '1' आणि 100 किंवा त्याहून जास्त टिकली तर '0'. बस्स, एवढ्यावर सगळी भाषा.

प्रत्येक सांध्याला एक नंबर, म्हणजे त्याचा पत्ता. निरोप जातो: 'सांधा नंबर 4, बाजूला वळ.' तो सगळ्यांनाच ऐकू जातो, पण हलतो फक्त चार नंबरचा. वाड्यात पोस्टमननं अंगणात उभं राहून नाव पुकारावं तसं. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक ताळा असतो, शाळेत बेरजेनंतर करायचो तसा. वाटेत वीज अडखळली आणि ताळा जुळला नाही, तर डिकोडर तो निरोप चक्क कानाआड करतो. अर्धवट ऐकून भलतंच काही करत नाही. (ही सोय माणसांत का नाही, हा मला मीटिंगमध्ये नेहमी पडणारा प्रश्न.) अशा पद्धतीत दोन हजारांहून जास्त सांध्यांना पत्ते देता येतात. मला सात पुरे.

पाती हलवायला मी कॉइलऐवजी सर्व्हो लावले, रिमोटच्या विमानात असतात ते इवलेसे. 'खट्' होत नाही. पाती सावकाश, खऱ्यासारखी सरकते. सेकंदाला पन्नास ठोके मिळतात आणि प्रत्येक ठोका एक ते दोन मिलिसेकंदाच्या मध्ये किती लांब आहे त्यावर सर्व्होचा कोन ठरतो. दीडशे-दोनशे रुपयांत एक येतो. परदेशी तयार मोटर घेतली तर तेवढ्या पैशांत असे दहा येतील.

आणि मग ती मजा, जिच्यासाठी हे सगळं करायचं: रूट! एकच बटण. 'हातकणंगल्याहून लाइन तीन.' लॅपटॉपवर क्लिक केलं की एक, दोन आणि पाच नंबरचे सांधे एकामागोमाग सरकतात आणि अख्खी वाट तयार. पहिल्यांदा झालं तेव्हा मी ते वीस वेळा करून बघितलं. गाडी न चालवता!

मामांचा प्रश्न

आमच्या शेडमधले जॉबर आहेत, माग दुरुस्त करणारे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मागावर कुठे काय बिघडलंय ते आवाजावरून ओळखतात. पहिल्या रविवारी ते हात पुसत येऊन उभे राहिले. मी सॉलिड डेमो दिला. पत्ते सांगितले, ताळा सांगितला, रूट लावून दाखवला. लॅपटॉपवरचे ठिपके हिरवे झाले.

मामांनी विचारलं, ''ह्यो हिरवा कशानं झाला?''

म्हटलं, ''मी हुकूम दिला ना, सांधा वळला म्हणून.''

''हुकूम दिलास त्ये दिसलं की रं. पर त्यो वळला, हे तुला कुणी सांगितलं?''

थांबा, हा प्रश्न साधा वाटतो, पण डिजिटल सांध्याचं सगळं मर्म यात आहे. साध्या डीसीसीत निरोप एकेरी असतो. कंट्रोलर सांगतो आणि मोकळा होतो. स्क्रीनवरचा हिरवा ठिपका म्हणतो, 'मी सांगितलं.' आपण वाचतो, 'झालं.' या दोन वाक्यांच्या मध्ये शेडभर उडणारं सूत आहे! यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताची धूळ कशावर बसत नाही ते विचारा. ती सांध्याच्या पातीतही बसते. पाती अर्धा मिलिमीटर जरी उघडी राहिली, तरी इंजिनाचं चाक त्या फटीत शिरतं आणि पुढचे डबे एकमेकांवर चढतात.

मामांनी मला शेजारच्या ऑटोलूमवर नेलं. तिथे ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पिन अडकवलेली असते, ड्रॉप पिन. धागा आहे तोवर पिन वर. धागा तुटला की पिन खाली पडते, सर्किट पूर्ण होतं आणि माग जागीच थांबतो. साध्या मागावरही आडवा धागा आला की नाही ते बघायला एक काटा असतो. माग कधी असं म्हणत नाही, की मी धागा टाकायला सांगितला होता, म्हणजे तो पडला असणारच. मग कापडात भोक पडेल आणि व्यापारी पीस परत पाठवेल, मजुरी कापून.

गंमत म्हणजे 'डिजिटल' हा प्रकार मागवाल्यांना नवा नाहीच. जोसेफ जाकारनं 1804 मध्ये फ्रान्समध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. हो की नाही, एक की शून्य. तीच पुठ्ठ्याची कल्पना पुढे कॉम्प्युटरच्या पंच कार्डात आली. सरळ की बाजूला, हा सांध्याचा प्रश्नही त्याच घराण्यातला. पण मागानं पहारेकरीही ठेवला. मी घेतलेल्या पॅकिंगमध्ये तो नव्हता, वेगळा बसवावा लागतो.

बसवला. आता प्रत्येक सांध्याच्या पातीला दोन्ही टोकांना एक-एक मायक्रोस्विच आहे. पाती पूर्ण टेकली तरच तो दाबला जातो. स्क्रीनवरचा ठिपका त्या स्विचला जोडलाय, माझ्या बटणाला नाही. हुकूम दिला की ठिपका पिवळा लुकलुकतो, पाती टेकली की हिरवा. दोन सेकंदांत टेकली नाही तर बझर वाजतो आणि सिग्नल लालच राहतो. तोच स्विच आणखी एक काम करतो. दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या धातूच्या तुकड्याला सांध्याच्या दिशेप्रमाणे वीज बदलून द्यावी लागते, नाहीतर इंजिन तिथे पोचताच शॉर्टसर्किट. एक दगड, दोन पक्षी.

दिवा आणि रूळ

खऱ्या रेल्वेत हे सगळं आहेच. 1856 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीनं सांधे आणि सिग्नल एकमेकांना बांधून टाकणाऱ्या रचनेचं पेटंट घेतलं. तिला इंटरलॉकिंग म्हणतात. तत्त्व एकच: सांधा हवा तिकडे वळून, टेकून, कुलूपबंद झालाय असं रुळावरून कळल्याशिवाय सिग्नल हिरवा होताच कामा नये. मोटरमनला सांधा दिसत नाही, दिवा दिसतो. तो दिव्यावर विश्वास ठेवून ताशी शंभरच्या वर जातो.

2 जून 2023 ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा लूप लाइनकडे वळलेला होता. लूपवर मालगाडी उभी होती. या अपघातात 290 हून अधिक माणसं गेली. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकांवर. डिजिटल यंत्रणा होती, निरोप पोचत होते, पण खरा सांधा आणि त्याच्याबद्दलची माहिती यांची फारकत झाली होती. टेबलावरच्या इंजिनाशी याची तुलना करू नये हे मला कळतं. पण त्या बातम्या वाचताना मामांचा प्रश्न अक्षरशः कानात वाजत होता. दिवा हिरवा कशानं झाला?

आपल्या ऑफिसांचं काय हो? 'मेल टाकलाय' म्हणजे काम झालं. 'टिकेट क्लोज केलंय' म्हणजे प्रॉब्लेम सुटला. ग्रुपवर टाकलंय, निळी टिक आलीय, म्हणजे सगळ्यांना समजलं. आपण दिवसभर हुकूम सोडत असतो आणि स्वतःच स्वतःचे ठिपके हिरवे करत असतो. हल्ली मी टीममध्ये 'मामा टेस्ट' म्हणतो. झालं म्हणजे कुणी बघितलं? पहिले दोन आठवडे लोक वैतागले. आता इतरांनाही विचारतात, मला तर आवर्जून.

टेबलाखालचे हॅकर्स

आणि सॉफ्टवेअरवाल्यांनो, या छंदाला 'पोरखेळ' म्हणण्याआधी थांबा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1946 मध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब निघाला. त्यात दोन जातींचे लोक होते. काही जण डबे रंगवायचे, झाडं लावायचे. बाकीचे टेबलाखाली पडून टेलिफोन एक्सचेंजच्या जुन्या रिलेंमधून सांधे आणि गाड्या कशा चालवायच्या यात बुडालेले. एखादी अफलातून जुळणी जमली की ते तिला 'हॅक' म्हणत. 'हॅकर' हा शब्द आपल्या धंद्यात आला तो याच टेबलाखालून. हीच मंडळी पुढे एमआयटीच्या पहिल्या कॉम्प्युटरांवर रात्रीचे मुक्काम ठोकू लागली.

दुसरं टोक बघायचं तर जर्मनीतलं हॅम्बर्ग. तिथे ब्राऊन बंधूंनी 2001 मध्ये मिनिएचर वंडरलँड सुरू केलं. तीन हजारांच्या वर सांधे, सगळे कॉम्प्युटरवर. तिथेही धूळ पुसायला माणसंच लागतात, हे वाचून मला फार बरं वाटलं.

सुरुवात करायचीय?

लगेच बारा फूट नको. चार फुटांच्या प्लायवूडवर एक गोल आणि दोन सांधे घ्या. एक लूप लाइन झाली की दोन गाड्यांचं क्रॉसिंग जमतं, आणि तिथेच व्यसन लागतं.

तयार डीसीसी सेट परवडत नसेल तर अर्डुइनोचा बोर्ड आणि डीसीसी-ईएक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. जुना लॅपटॉप पडला असेल तर त्यावर जेएमआरआय टाका, तेही फुकट. रूट लावायचं काम ते करतं.

सांध्यांची वीज आणि रुळांची वीज वेगळी ठेवा. हे महत्त्वाचं. समजा गाडी उलट वळलेल्या सांध्यावर चढली आणि शॉर्ट झाला. सगळी यंत्रणा स्वतःला वाचवायला बंद पडते. सांधा वळवला तर शॉर्ट जाईल, पण सांध्याची वीजही त्याच तारेवर असेल तर तो वळवणार कसा? किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून, अशी गत.

प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा आणि पत्त्यांची यादी वहीत लिहा. आज सगळं पाठ असतं. सहा महिन्यांनी टेबलाखाली टॉर्च तोंडात धरून पडलात की कळेल.

आणि मायक्रोस्विच पहिल्या सांध्यापासून बसवा. नंतर करू म्हणाल तर सगळं परत उपसावं लागतं.

आमच्या स्टेशनावर सध्या शनिवार-रविवार वाहतूक सुरू असते. बाबा आधी लांबूनच बघायचे. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, ''मालधक्क्यावरून सुताची बाचकी उतरवणार, मग सायझिंगला नेणार कशी?'' मामांनी लगेच खडूनं प्लायवूडवर एक रेघ मारली. सायझिंगकडे जाणारं सायडिंग! म्हणजे आठवा सांधा आला. पत्ता देऊन ठेवलाय, सर्व्हो पुण्याहून नेतोय. स्विच बसवायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलंय. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास नाही.